फुंकर वाऱ्याच्या दिशेनेच मारावी

श्रद्धा आणि भोपळा एकाच वाफ्यात सुखाने नांदू शकतात. फक्त शेजारी समजूतदार हवेत. दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीकाठच्या आमच्या गल्लीत ते आहेत.

हिरव्या अंगावर पिवळे ठिपके असलेला इवलासा भुंगेरा आमच्याकडे ‘संत अंतोनियोची गाय’ म्हणून पूज्य आहे. तो हातावर बसला की मनात इच्छा धरायची आणि हलकेच फुंकून उडवायचा. मारणं म्हणजे घोर पाप. (तो भोपळ्याची पानं-फुलं खातो, त्याची अळी मुळं खाते. संताच्या गायीला वैरण नको का?)

यंदा गायी फार झाल्या. तेव्हा गल्लीच्या मंडळाने बासिलिओभाऊंच्या अध्यक्षतेखाली, ‘माते’ हा आमचा कडू पाल्याचा चहा पीत पीत, ठराव केला: कीटकास इजा न करता, सद्भावनेने, वाऱ्याच्या दिशेनेच फुंकावे. (उलट फुंकल्यास गाय तोंडात जाते. अनुभव अध्यक्षांचा.)

यश डोळे दिपवणारं होतं. दहापैकी नऊ परसांतल्या वेली टवटवीत झाल्या. दहावं परस फाउस्ताबाईंचं. नदीवरचा वारा गल्लीतून वाहतो आणि गल्ली त्यांच्या घराशी संपते. पुढे ओसाड माळ. तिथे खायला काही नाही, म्हणून गायी मागे फिरतात. मुकं जनावर असलं तरी मूर्ख नाही.

त्यात बाईंच्या लेकीचं, एलविराचं, लग्न तोंडावर. आमच्याकडे लग्नाचा मटणाचा रस्सा मोठा भोपळा पोखरून त्यातच वाढतात, आणि तो भोपळा वधूच्या आईनेच लावलेला लागतो. नाहीतर सासरचे जन्मभर सुनावतात.

“अहो भाऊ, सगळ्यांच्या गायी माझ्याच दारात! मी कुणाकडे फुंकू?”

“बाई, रडता कशाला? अख्ख्या गल्लीच्या इच्छा तुमच्या परसात जमल्यात. एवढं भाग्य कुणाचं असतं?”

“मग भाग्यच शिजवून वाढू का पाहुण्यांना?”

मंडळाने हा प्रश्न पुढच्या बैठकीत घ्यायचं एकमताने ठरवलं. (बैठक लग्नानंतर होती.)

लग्नात रस्सा पत्र्याच्या पातेल्यातून आला. विहीणबाईंनी त्यावर चमचा टकटक वाजवला. “साल बरीच टणक निघाली हो तुमच्या भोपळ्याची!” एलविराची मान खाली गेली ती वर आलीच नाही. आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं. नऊही घरांनी आहेरात आपापल्या परसातला एकेक भोपळा दिला होता, ते कोपऱ्यात रचून ठेवले होते.

वाचकहो, हे वाचून ‘आमच्या गल्लीत असलं काही चालत नाही’ असं तुमच्या मनात आलं असेल, तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की तुमचं घर गल्लीत शेवटचं नाही.