व्याह्यांना अकरा वाजता भूक नाही

पाहुणचार कसा करावा ते प्रेमदास भगतकडून शिकावं, असं वर्ध्याजवळचं अख्खं बोरगाव मेघे म्हणायचं. निदान प्रेमदास तरी तसं सांगायचा! मुलगी मोनालीनं स्पेनमध्ये लग्न केलं होतं. आता तिचे सासू-सासरे, कारमेन आणि लुईस, पहिल्यांदाच वर्ध्याला आले होते. मोनाली नवऱ्याला घेऊन तीन दिवस नागपूरला गेली आणि व्याही प्रेमदासच्या हवाली झाले.

"सरिता," तो बायकोला म्हणाला, "असं खाऊ घालू का जाताना रडले पायजे!"

रिटायर झाल्यावरही प्रेमदास अकराच्या ठोक्याला जेवायचा आणि वर आता एक ते चार घोरायचा. पहिल्या दिवशी अकराला ताटं वाढली. पाटोडी-रस्सा, भरली वांगी, भाकर! व्याह्यांनी दोन घास खाल्ले, गोड हसले आणि मोबाईलशी काहीतरी बोलले. मोबाईलमधली बाई मराठीत म्हणाली, "आम्हांस अद्याप क्षुधा नाही."

दुसऱ्या दिवशीही क्षुधा नाही! आणि संध्याकाळी पाहतो तर काय, लुईसच्या पांढऱ्या शर्टावर रश्श्याचा ताजा डाग! सकाळी ताटातल्या रश्श्याला तर त्यानं हातही लावला नव्हता.

प्रेमदासच्या काळजात चर्र झालं. त्याच्या बापाच्या घरचं पाणीही न पिणारे लोक त्यानं लहानपणी पाहिले होते. सातासमुद्रापलीकडून आलेले हेही तसलेच निघाले? सरिताला न सांगता त्यानं पाळत ठेवायचं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं खोटं खोटं घोरून दाखवलं. अडीचला दार वाजलं. प्रेमदास मागोमाग निघाला. ओळखू येऊ नये म्हणून डोक्यात हेल्मेट, आणि पायी!

"काय भगतसाहेब, गाडी चोरीले गेली का?" कोपऱ्यावरच्या रूपरावनं विचारलं.

"हळू बोल ना बे!"

व्याही मनकर्णाबाईच्या खानावळीत शिरले. प्रेमदासनं थोडा वेळ दम धरला, मग खिडकीतून डोकावला. लुईस नाक पुसत रस्सा ओरपत होता. प्रेमदास हेल्मेटसकट आत घुसला.

"आमच्या घरचं काऊन नाई चालत तुमाले? सांगा!"

लुईस दचकला. मग घाईघाईनं मोबाईलशी बोलला. बाई म्हणाली, "आमच्या देशी दुपारचे भोजन तीन वाजता असते. आपण निद्रिस्त होता."

"मीच बोलावलं त्याईले इथं," खांबाआडून आवाज आला. सरिता! समोर ताट, हातात भाकर. "घरी भांडं वाजलं का तुमी उठता. मंग भुकेले ठेवू का पाहुण्याईले?"

"आन् तू काऊन जेवून राह्यली?"

"मलेही अकराले भूक नाई लागत. बत्तीस वर्षं झाले!"

प्रेमदासनं हेल्मेट काढलं. छातीवरचा धोंडा उतरला तशी सडकून भूक लागली. कारमेननं सरकून जागा दिली. तो ऐटीत बसला. "वाढा मनकर्णाबाई, पाटोडी-रस्सा!"

"संपला, भाऊ," मनकर्णाबाई पातेलं उपडं करत म्हणाली. "जेवाले येळेवर या लागते!"