खिळा मारू नका!

म्हात्रेकाका कुणाच्याही घरी गेले की बेल वाजवायच्या आधी भिंत वाजवतात. मधलं बोट वाकवून दारालगतच्या भिंतीवर टकटक करायचं, कान लावून ऐकायचं, स्वतःशीच मान डोलवायची आणि मग बेल. आमच्या सोसायटीत आता कुणी दचकत नाही. नवीन राहायला आलेली माणसं मात्र पहिल्या आठवड्यात एकदा तरी वॉचमनला फोन करतात.

आम्हीही केला होता. उलव्यातल्या या फ्लॅटमध्ये आमचं सामान चढत होतं. मी खोक्यांच्या गराड्यात उभी, आणि हाफ पँट, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी असे एक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ माझ्याच हॉलच्या भिंतीला कान लावून उभे!

"काय हवंय आपल्याला?" मी माझ्या शाळेतल्या आवाजात विचारलं. या आवाजाला सातवी ब सुद्धा घाबरते.

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "थांब गो बाय, आयकू दे." मग बराच वेळ ऐकून म्हणाले, "चार इंची ब्लॉक हाय. माल चांगला. पन एक सांगतो, हिला खिला मारू नको." एवढं बोलून ते समोरच्या फ्लॅटमध्ये निघून गेले आणि दार लावून घेतलं. नाव नाही, गाव नाही, "चहा घ्यायला या" नाही. मी वॉचमनला फोन केला, तर तो हसायलाच लागला.

ब्लॉक म्हणजे हल्ली बिल्डिंगा बांधताना विटांऐवजी वापरतात ते करड्या रंगाचे मोठे ठोकळे. काका तीस वर्षं साइटवर सुपरवायझर होते. निम्मं आयुष्य लाल विटांत गेलं आणि उरलेलं ब्लॉकात. ब्लॉक पहिल्यांदा साइटवर आले तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं, 'ही बिस्किटं कोन लावनार' म्हणून. मग एका मे महिन्यात दुपारचा डबा खायला ते चौथ्या मजल्यावरच्या ब्लॉकच्या खोलीत बसले आणि तिथेच आडवे झाले. तीन वाजता इंजिनिअरसाहेबांनी हलवून उठवलं. "साहेब वरडला मना. पन त्या दिवशी पटलं. इटांच्या खोलीन मे महिन्यात कोन झोपून दाखवंल?" असं ते अजून सांगतात.

त्यांच्या पिशवीत ब्लॉकचा एक तुकडा कायम असतो. कुणाकडे पाण्याने भरलेली बादली दिसली की संपलंच. तुकडा पाण्यात टाकायचा, तो तरंगला की बादलीच्या मालकाकडे विजयी मुद्रेने बघायचं. "राख, सिमेंट, चुना आन चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची पूड. इडलीच्या पिठासारखा फुगतो, तारेनं कापतात, वाफेवर शिजवतात. पोटान सगली हवा!" सोसायटीतली पोरं त्यांना 'इडलीकाका' म्हणतात, आणि काकांना त्याचा अभिमान आहे. गणपतीत त्यांनी विसर्जनाच्या ड्रममध्ये तुकडा सोडायचा घाट घातला होता. सेक्रेटरींनी हातापाया पडून आवरलं.

पण या माणसाला नुसता ब्लॉकवेडा म्हणणं अन्याय होईल. कारण फायदे सांगून झाले की आवाज खाली आणून ते म्हणणारच, "आता तोटे पन सांगतो. मी दलाल नाय." ब्लॉक हलका, पण ट्रकमधून आपटून उतरवला तर कोपरे उडतात. थंड, पण प्लास्टरला भेग गेली की पाणी पितो. सरळ, पण बीमच्या सांध्याला जाळी नाही मारली तर चीर पडते. आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे खिळा. "आतमदी हवा. खिला धरनार कोनाला? आज बसंल, उद्या निसटंल."

हे फायदे-तोट्यांचं वेड भिंतीपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. माझ्या भाचीसाठी एक स्थळ त्यांच्या ओळखीतलं निघालं. पाहुणे समोर बसलेले, माझी बहीण पोह्यांच्या बश्या फिरवतेय, आणि काका सुरू. "पोरगा बंदरावर कामाला हाय. निर्व्यसनी. फायदे झाले. आता तोटे पन सांगतो, मी दलाल नाय. घोरतो. मी ह्याच्यासोबत शिर्डीला गेल्तो." मुलगा लाजून लाल झाला आणि माझी भाची खुदकन हसली. त्या हसण्यावर लग्न ठरलं म्हणायला हरकत नाही. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये आमच्या ह्यांच्याबरोबर गेले, तर तिथली कलिंगडं एकेक करून वाजवायला बसले. व्यापारी आधी चिडला. मग त्याने बघितलं, काकांनी बाजूला काढलेलं एकही फळ कच्चं निघत नाही. त्याने चक्क सीझनपुरतं कामावर या म्हणून सांगितलं. काका घरी येऊन आठवडाभर छाती फुगवून फिरत होते.

आता माझा गुन्हा सांगते. सासूबाईंनी दिलेलं लाकडी घड्याळ मला हॉलमध्ये लावायचं होतं. ड्रिल आणा, प्लग आणा, एवढा धीर कुणाला! मी एक तीन इंची खिळा घेतला आणि ठोकला. लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. मला वाटलं, उगाच घाबरवतात काका. संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो, तेव्हा घड्याळ, खिळा आणि प्लास्टरचा वाटीएवढा पोपडा, सगळं एकदमच खाली आलं. आणि समोरच्या बंद दाराआडून आवाज आला, "पडला?"

दोन मिनिटांत ते ड्रिल, लांब प्लग आणि स्क्रू घेऊन हजर. 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. घड्याळ पक्कं बसवून झाल्यावर खाली पडलेला माझा वाकडा खिळा उचलला आणि बराच वेळ हातात फिरवत बसले.

"आमची पन अशीच मारायची," म्हणाले. "बत्त्यानं."

तेव्हा मला सुमनकाकूंची गोष्ट कळली. काकू म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना तोवर एकदाही पाहिलं नव्हतं. लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून त्या पुण्याला गेल्या. तीन महिने म्हणून गेल्या त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

काकूंचं माहेर उरणकडचंच, शेतीवाडीचं. तिथे घरातली प्रत्येक वस्तू खिळ्यावर. कोयता, छत्री, चाळण, किल्ल्या, सुकटाची पिशवी, कॅलेंडर. ज्या भिंतीवर आपला खिळा नाही, ती भिंत आपली नाही, असा त्यांचा साधा हिशेब. उलव्याच्या फ्लॅटमध्ये आल्यावर त्यांनी खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि कामाला लागल्या. त्या दुपारी खिळे मारायच्या, काका सकाळी उठून भोकं पुट्टीने बुजवायचे. त्यांच्यादेखत चारचौघांना म्हणायचे, "हिला समजतच नाय." शेवटी एकदा काकांनी बत्ताच लपवून ठेवला. त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला आणि काकू पिशवी भरून निघाल्या.

"मी काय मारलं का तिला? बत्ता लपवला फक्त," काका मला म्हणाले. हसतच म्हणाले, पण माझ्याकडे बघेनात.

रोज सात वाजता काकूंना फोन व्हायचा. काकांचा फोन कायम स्पीकरवर आणि त्या वेळी दारही उघडं, त्यामुळे आम्हीही त्यात असायचोच. काकू तिकडून ओरडायच्या, "हितं जुनी बिल्डिंग हाय, लाल इटांची. खिला कसा गप बसतो, नवल हाय!" काका म्हणायचे, "ये ना मंग आता. नातू चालाया लागला." तर पलीकडून उत्तर, "जिथं मना एक खिला मारू देत नाय, त्या घरान येऊन मी काय करू?" दोघं हसायचे. फोन बंद झाला की काका तसेच बसून राहायचे. एकदा मी आमटी द्यायला गेले, तर ते ताटावर बसले होते आणि समोर दुसरं ताट रिकामंच मांडलेलं. मला बघून गडबडीने उचललं. "सवय," म्हणाले. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी ह्यांच्यावर उगाचच ओरडले.

मग काकांनी गावच्या जागेवर घर बांधायला काढलं. उरणकडे त्यांची वाटणीची थोडी जागा होती. "काकू येणार का पण?" मी विचारलं. "घर झालं का येईल. वास्तुशांतीला तरी येईलच. मंग बघू," ते म्हणाले. मी ओळखलं, या माणसाने सगळं त्या घरावर लावलंय.

रोज सकाळी ते स्कूटरवरून साइटवर जायचे. घर अर्थातच ब्लॉकचं. एका रविवारी मला मोठ्या कौतुकाने दाखवायला घेऊन गेले. मिस्त्री भिंत लावत होता आणि काका प्रत्येक थरावर टकटक करून त्याचं डोकं खात होते. तेवढ्यात गल्लीतून एक टेम्पो आला. आत लाल विटा!

मला राहवेना. "काय काका, पक्ष बदलला?"

काका चक्क गोरेमोरे झाले. "दारातल्या ओट्याला लागतात थोड्या."

"एवढ्या?"

"ओटा मोठा हाय."

मिस्त्रीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. ओटा मी आत येतानाच बघितला होता, आधीच बांधून फरशी सुद्धा बसली होती. पण मी काकांना पहिल्यांदाच खोटं बोलताना बघत होते, आणि ते त्यांना इतकं वाईट जमत होतं, की मी पुढे काही विचारलं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी काकू आल्या. ठेंगण्या, ठसठशीत, नाकात मोठी नथ, बोलणं थेट. माझी नजर आधी त्यांच्या सामानाकडे गेली. हातात एक छोटी पिशवी, दोन दिवसांची. काकांनीही ती बघितली असावी, कारण त्यांचा हसरा चेहरा जरा उतरला.

पूजा आटोपली, जेवणाच्या पंगती उठल्या. काका काकूंना घर दाखवू लागले. मी मागून. त्यांचं सुरूच होतं, "हात लाव, बघ किती थंड. ही खोली वाऱ्याची. हितं चीर पडनार नाय, जाळी मारली हाय." काकू नुसत्या हं हं करत होत्या. पिशवी खांद्यावरून उतरवली नव्हती.

स्वयंपाकघरात आल्यावर काका थांबले. ओट्यासमोरची मोठी भिंत त्यांनी बोटाने वाजवली. आवाज वेगळा आला, जाड, भरलेला. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहून काकूंनाही कान आला होता. त्या पटकन वळल्या.

"ही कसली?"

"लाल इट."

"अवं, तुमी आन लाल इट? कशाला?"

काकांनी पिशवीत हात घातला. मला वाटलं, आता ब्लॉकचा तुकडा निघणार. निघाला तो बत्ता. आणि खिळ्यांची एक पुडी.

"तोटे पन सांगतो, मी दलाल नाय," ते म्हणाले. "ही भिंत जड हाय. पाया जास्ती भरायला लागला. उन्हाल्यान तापनार. बाजूच्या भिंतीला जोडायला मिस्त्रीला लय तरास झाला. माज्यावर हसला तो."

"आन फायदा?"

"फायदा एकच."

"बोला की."

काका पायाखालच्या नव्या फरशीकडे बघत राहिले. मी जायला वळले, पण पाय निघेना. खरं सांगायचं तर मला ऐकायचंच होतं.

"तू र्‍हाशील," ते म्हणाले.

काकूंनी बत्ता घेतला, पुडीतून एक खिळा काढला, हात वर करून पोहोचेल एवढ्या उंचीवर धरला आणि तीन घावांत बसवला. ओढून बघितला. हलला नाही. मग खांद्यावरची दोन दिवसांची पिशवी काढून त्या खिळ्याला अडकवली.

"एकच मारून काय होतंय?" म्हणत त्यांनी शेजारी दुसरा खिळा ठोकला, काकांच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि ब्लॉकच्या तुकड्यासकट त्यावर टांगली. "हा तुमचा. आता चहा टाकू का? बाय, तू पन घेशील ना?"

मी मान डोलावली. काकांनी भिंतीला कान लावला होता, तोंड पलीकडे करून. नुकताच खिळा बसलेल्या विटेत एवढा वेळ ऐकण्यासारखं काय असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. चहा गार व्हायला आला तरी ते तसेच उभे होते.