सर्जेराव महाराजांचा श्रमपरिहार

एका जंगलात सर्जेराव नावाचा वाघ राज्य करत होता. आता जंगलात राज्य करायचं म्हणजे नक्की काय करायचं, असं विचारू नका. दिवसभर लोळायचं आणि मधूनमधून डरकाळी फोडायची. तुम्हाला वाटतं तितकं ते अवघड नसतं.

तर मुलांनो, नीट बसा. ते वेफर्स खाली ठेवा. गोष्ट खाण्याचीच आहे, पण खात खात ऐकायची नाही.

हे सर्जेराव महाराज फार सुटले होते. पूर्वी स्वतः शिकार करायचे, तोवर ठीक होतं. मग कोल्ह्यांनी सेवा सुरू केली. जंगलाच्या कडेला गाव होतं. तिथं म्हैस मेली, बैल मेला, की कोल्हे ते धूड ओढत आणून महाराजांच्या गुहेपुढे टाकायचे आणि उरलेलं स्वतः हाणायचे. महाराजांचं पोट जमिनीला टेकायला आलं.

एका सकाळी महाराज ओढ्यावर पाणी प्यायला गेले. तिथं सांबरांचा कळप होता. वाघ दिसताच कळप पळाला आणि एक पाडस मागं राहिलं. त्याचं नाव बुधा. त्याचा मागचा एक पाय जन्मापासून आखूड होता, त्यामुळं ते लंगडत पळायचं. महाराजांनी त्याच्यावर झेप घेतली. झेप कसली, नुसते पुढे पडले. दोन सागांच्या मध्ये त्यांचं पोट अडकलं. बुधा लंगडत लंगडत आईपाशी पोचला तरी महाराज तिथंच.

झाडावरची माकडं इतकी हसली की त्यातलं एक खाली पडलं.

महाराजांना फार लागलं. पोटाला नाही, मनाला. त्यांनी लगेच सभा बोलावली आणि जाहीर केलं, "उद्यापासून आम्ही व्यायाम करणार. अंग हलकं झालं की पहिली शिकार त्या लंगड्या पाडसाची. याच ओढ्यावर, तुम्हा सगळ्यांसमोर."

बुधाच्या आईचं नाव पारूबाई. हे ऐकून ती पळायची वाट शोधायला लागली. पळून जावं तर लंगडं पोर डोंगर चढू शकत नव्हतं, आणि डोंगर चढल्याशिवाय त्या जंगलातून बाहेर पडता येत नव्हतं. महाराज हलके कधी होतात, एवढ्यावर तिच्या लेकराचा जीव होता.

आता या जंगलात एक जुनी रीत होती. कुणी कष्टाचं काम केलं की त्याला श्रमपरिहार द्यायचा. म्हणजे दमल्याबद्दल खायला घालायचं. तुमच्याकडेही असते ही रीत. झाडं लावायला पाच जण येतात आणि नंतरच्या मिसळीला पन्नास. पण जंगलातली रीत कडक होती. जेवढे श्रम, तेवढाच परिहार. त्यामुळं महाराजांनी किती श्रम केले, हे कुणीतरी मोजणं भाग होतं.

त्यासाठी साळिंदरशास्त्री नेमले गेले. हे साळिंदर काही दिवस शहरातल्या एका बागेत बाकाखाली राहून आलं होतं. त्या बागेत माणसं गोल गोल पळायची आणि आपलं काय काय जळलं ते एकमेकांना सांगायची. मग गेटाबाहेर जाऊन वडे खायची. शास्त्रीबुवांनी ती सगळी विद्या ऐकून पाठ केली. माणसं जे जाळतात त्याला कॅलरी म्हणतात, पण जंगलात कॅलरी कुणी पाहिलेली नव्हती. म्हणून शास्त्रीबुवांनी उंदीर हे माप ठरवलं. महाराजांनी जितक्या उंदरांची ताकद जाळली, तितकेच उंदीर खायचे. बाकी सगळं बंद.

पहिल्या दिवशी महाराज टेकडीवर जाऊन आले. येऊन आडवे झाले. जीभ बाहेर.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अर्धा उंदीर," शास्त्रीबुवा म्हणाले.

"चढ धरला का?"

"धरला."

"आम्ही केवढ्या धापा टाकत होतो."

"धापांनी जास्त जळत नाही, महाराज. नुसता आवाज होतो. आणि एवढा वेळ गुहेत लोळत पडला असता तरी अर्धा उंदीर जळलाच असता. तो मी वजा केलाय."

"आमचं लोळणं वजा केलं?"

"करावंच लागतं. तो व्यायाम नव्हे."

महाराजांनी पंजा उगारला. मग शास्त्रीबुवांचे काटे बघितले आणि पंजा खाली घेतला. मुकाट्यानं अर्धा उंदीर खाल्ला. उरलेला अर्धा शास्त्रीबुवांनी पुरावा म्हणून ठेवून घेतला.

असं रोज चालू राहिलं. कधी अर्धा, कधी पाऊण. महाराज चिडायचे, जास्त खायला मिळावं म्हणून जास्त पळायचे, आणि तरी एकाच्या वर उंदीर जायचा नाही. हिशेब अचूक होता ना. अचूक हिशेबाचं जे व्हायचं तेच झालं. महाराजांचं पोट आत गेलं. खांदे दिसायला लागले. एक दिवस त्यांनी ओढा एका उडीत ओलांडला आणि सगळं जंगल शास्त्रीबुवांचं कौतुक करायला लागलं.

पारूबाईनं ती उडी बघितली. त्या दिवशी तिच्या तोंडात गवताची काडी गेली नाही. ती तडक शास्त्रीबुवांकडे गेली.

"शास्त्रीबुवा, आकडा जरा वाढवून सांगा हो. दोन उंदीर जास्त खाल्ले त्यांनी तर तुमचं काय जातंय?"

"बाई, शास्त्रात असली भेसळ चालत नाही."

"माझं पोर जाईल त्यात."

"वाईट वाटतं मला. मनापासून वाटतं. पण अर्धा म्हणजे अर्धा. पुढं त्याचं काय होतं, ते माझं खातं नाही."

पारूबाईला असा संताप आला म्हणून सांगू. पण काट्यांशी भांडून काय करणार. ती परत आली आणि बराच वेळ बुधाचं अंग चाटत बसली. मग काहीतरी ठरवून उठली.

दुसऱ्या दिवशी महाराज टेकडीवर पळायला लागले. टेकडीच्या समोर खोल घळ होती. घळीच्या पलीकडे, जिथं वाघालाही येता येत नव्हतं आणि लंगड्या पोरालाही, तिथं पारूबाई उभी राहिली आणि वाऱ्यावर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अगं बाई, काय ही मेहनत. रानडुक्कर तरी जळलं असेल एवढ्यात."

महाराज थांबले. कान हलवत म्हणाले, "काय म्हणालीस?"

"चुकलंच माझं, महाराज. तुमची शेपटी धरलीच नाही मी. पळताना शेपटी केवढी हलते. सव्वा डुक्कर म्हणा."

तो सव्वा महाराजांना फार आवडला. नुसतं एक डुक्कर म्हटलं असतं तर थाप वाटली असती. सव्वा म्हटल्यावर बाई मोजूनमापून बोलतेय, असं वाटतं. त्यांनी शास्त्रीबुवांना बोलावलं.

"ही सव्वा डुक्कर म्हणते. तुम्ही अर्धा उंदीर म्हणता. का?"

शास्त्रीबुवांनी समजावून सांगितलं. वजन, चढ, वेग, लोळणं वजा. सगळं बरोबर होतं आणि सगळं कंटाळवाणं होतं. महाराजांनी जांभई दिली.

"ही जांभईसुद्धा धरायची, महाराज," पलीकडून पारूबाई म्हणाली. "जबडा केवढा, त्याला ताकद नको?"

शास्त्रीबुवांची नेमणूक तिथल्या तिथं रद्द झाली. पारूबाईला महाराजांनी मोजणीवर घेतलं. तिनं एकच विनंती केली, की मी घळीच्या पलीकडूनच मोजेन, लांबून मेहनत नीट दिसते.

मग काय विचारता. पळणं धरलं जायचं. पळायचा विचारही धरला जायचा. कान खाजवला, पाव डुक्कर. माकडांवर चिडले, अर्धं. राज्याची चिंता केली, अख्खं डुक्कर. जितकं जळलं तितका श्रमपरिहार, रीतच होती. कोल्हे आधी खूश झाले. पण मग रोज इतकी मेलेली गुरं ओढून आणताना त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. त्या जंगलात खरा व्यायाम कोल्ह्यांनीच केला, पण त्यांचं कुणी मोजलं नाही.

हसू नका. तुमचे बाबा मनगटावर पट्टा बांधून सोसायटीला फेऱ्या मारतात आणि येताना जिलबी आणतात ना? मग गप्प ऐका.

पारूबाई मात्र मनात वेगळं मोजत होती. तोंडानं डुकरं मोजायची आणि मनात उंदीर. लोळणं वजा करून. शास्त्रीबुवांचा खरा आकडा त्या जंगलात ती एकटीच वापरत होती.

शेवटी एक दिवस महाराजांनी डरकाळी फोडली. आवाज थोडा घोगरा आला. "आजवर जे जळलं ते सगळं वजा केलं, तर आमचं वजन आता सशाएवढंसुद्धा उरलेलं नसणार. आज ती शिकार होणार."

खाल्लेलं त्यांनी धरलं नव्हतं. ते कोण धरतं?

ओढ्यावर सगळं जंगल जमलं. शास्त्रीबुवाही एका कडेला येऊन बसले. बुधा पाण्याशी उभा राहिला. पारूबाईनं त्याला सांगितलं होतं, पळू नकोस, नेहमीसारखा चाल. सांगताना तिचा आवाज स्थिर होता, पण आता ती महाराजांच्या पोटावरून नजर काढत नव्हती. मोजण्यात चूक झाली असेल तर तिची चूक तिच्या डोळ्यांदेखत कळणार होती.

महाराज उठले. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मग झेप घेण्यासाठी मागं दबले आणि तिथंच बसले. बुधा लंगडत त्यांच्या नाकासमोरून गेला. महाराज पुन्हा उठले, चार पावलं त्याच्यामागं गेले आणि ओढ्यातच आडवे झाले. पाणी दोन्ही बाजूंनी वर आलं.

माकडांनी हसू दाबून फांद्या घट्ट धरल्या. महाराजांचे डोळे रागानं लाल व्हायला लागले.

पारूबाई पुढे आली. पहिल्यांदाच मध्ये घळ नसताना, अगदी जवळ.

"बाई बाई बाई," ती म्हणाली. "महाराज, आज तर अख्खा रेडा जळला."

महाराजांनी पाण्यातून मान वर केली. "रेडा?"

"शिंगांसकट."

महाराज विचारात पडले. मग म्हणाले, "तरीच दमल्यासारखं वाटतंय. आधी श्रमपरिहार आणा रे." आणि बुधाकडे वळून मायेनं म्हणाले, "पोरा, तू रोज येत जा. तुझ्यामागं धावलं की चांगलं जळतं."

"पाव उंदीर," शास्त्रीबुवा कडेला बसून पुटपुटले. त्यांचा आकडा अगदी बरोबर होता.

तात्पर्य : व्यायामात किती जळलं याचा अंदाज अचूकच असावा, आणि तो स्वतःजवळ ठेवावा. खरा आकडा तोंडावर सांगणं फक्त अंगावर काटे असलेल्यांना परवडतं. ज्यांच्या घरात लंगडं पोर आहे, त्यांनी महाराजांची जांभईसुद्धा धरावी.