उणे अडतीसचा उजेड

डोंगरकड्याच्या सेवा केंद्रातले इंटरनेट मंगळवारी बंद पडले. नर्सिंगच्या अर्जाची मुदत बुधवारी पाचपर्यंत होती आणि मिराबाईंची मुलगी वैष्णवी कागदपत्रे मांडीवर घेऊन केंद्रात बसली होती. फायबरवाल्या अशफाकने काचेची तार काढून उजेड मोजायच्या मीटरला लावली. उणे अडतीस पूर्णांक बेचाळीस. उणे सत्तावीसच्या खाली उजेड उतरला की मशीन आंधळे होते, हे त्याला पाठ होते. तार कुठेतरी पिचली होती. पण खोदायला मंजुरी लागते, म्हणून त्याने आकडा वर कळवला. इथेच त्याचे चुकले.

बुधवारी सकाळी वरच्या कार्यालयातून सोमेश्वर साहेब मीटरची माहितीपुस्तिका घेऊन आले. वैष्णवी अर्ज तिकडून भरावा म्हणून हिंगोलीच्या गाडीसाठी उठली, तर म्हणाले, "तक्रारदार गेला की तक्रार निकाली. बसा."

मग अशफाककडे वळले. "मीटर कुठपर्यंत मोजतं?"

"उणे सत्तरपर्यंत."

"आणि लाइन उणे अडतीस. म्हणजे मर्यादेत आहे! अजून बत्तीस शिल्लक!"

"साहेब, तो मीटरचा आवाका झाला. तराजूवर चिमूटभर हळद मोजता येती म्हून तिला पोतं म्हणायचं व्हय?"

"पुस्तिकेत हळद कुठंय, दाखव."

पुस्तिकेत हळद नव्हती. अचूकता होती, पाच टक्के, तीही तेवीस अंश तपमानात. केंद्रात एक्केचाळीस होते. सरपंचांच्या घरून कूलर आला, खिडक्यांना ओली पोती लागली, पारा अठ्ठावीसवर अडून बसला. तीन वाजता पुन्हा मोजले. उणे अडतीस पूर्णांक चाळीस.

"सुधारणा होऊन राहिली," साहेबांनी लिहून घेतले.

"समदं बराबर हाय, तर माह्या पोरीचा फॉर्म काहून जाईना?" पोरीशेजारी येऊन बसलेल्या मिराबाई म्हणाल्या.

साहेबांनी गंभीरपणे बोटे मोजली. मीटरला प्रमाणपत्र होते. लाइन मर्यादेत होती. संगणक वॉरंटीत होता. चौथे बोट वैष्णवीकडे वळले. "हिची तपासणी कुणी केलीय?"

पाच वाजून दहा मिनिटांनी अहवाल तयार झाला: यंत्रणा निर्दोष, दोष अर्जदारात. अशफाकचे कंत्राट मार्चअखेर संपत होते. त्याने वैष्णवीकडे न बघता सही केली. मग गावातल्या शिकलेल्या चौघांनी अहवाल चाळला. दोन दशांशांपर्यंत आकडे पाहून त्यांनीही माना डोलावल्या. पोरीचंच काहीतरी चुकलं असेल.

तुमची सही त्यावर नाही, कारण त्या दिवशी तुम्ही डोंगरकड्यात नव्हता.