उलट्या होडीतून पाहिलेली मुलगी

जगातलं कुठलंही इंजीन मी डोळे मिटून चालू करून दाखवतो! आजही! पैज लावा! चालू करण्याबद्दल बोलतोय हं, बाकीचं विचारू नका.

गोष्ट पंचावन्न-छप्पन सालची. खडकीच्या लिलावात मी एका साहेबाची होडी उचलली. तिच्यात विहिरीवरचं ऑइल इंजीन बसवलं, पट्ट्यानं पाण्यातल्या पंख्याला जोडलं आणि कासारवाडीत जाहीर केलं, "कोंडीरामसाठी मुलगी बघायला सांगवीला आपण नदीतून जायचं! अर्ध्या तासात!"

कोंडीराम माझा मेहुणा. वय एकतीस, अकरा ठिकाणांहून नकार. सांगवीच्या सोपानरावांचा निरोप होता, 'दहाला या, बाराला दुसरे पाहुणे यायचेत.' हेही ठिकाण हुकलं, की कोंडीराम जन्मभर माझ्याच घरी जेवणार!

माझ्या सासूबाई, ठकुबाई, ओटीचं सामान मांडीवर घेऊन बसल्या. मी हँडल मारलं. धडाड् धड! असा धूर निघाला, की पिंपळे गुरवच्या काठावरच्या म्हशींनी आंघोळ अर्धवट सोडली. होडी निघाली... मागं!

"दाजी, सांगवी तिकडं हाय!" कोंडीराम ओरडला.

चूक माझ्या लगेच ध्यानात आली. विहिरीवरचा पंप उलट्या तोंडाचा, म्हणून तिथं पट्टा पीळ देऊन चढवायचा, म्हणजे चाक उलटं फिरतं. हातांनी इथंही तेच केलं! बंद करून सरळ चढवावा म्हणून डिझेलची चावी फिरवली, तर चावीच हातात आली. टाकी मी काठोकाठ भरलेली. पाच तासांची बेगमी!

पण आपण काय हरणारे गडी? बांबूनं रेटून होडीच फिरवली. शेपूट सांगवीकडं, तोंड पिंपरीकडं. झालं काम!

"जावईबापू, सोयरीक जुळवायला जायाचं, आन पाठ करून?"

"मग तुम्ही फिरून बसा की!"

बसल्या बिचाऱ्या.

या उलटसुलटीतच दोन तास गेले. सांगवीचा डोह आला, पण शेपूट पुढं असलं, की सुकाणू कुणाच्या बापाचं ऐकत नाही. होडी घाण्याच्या बैलासारखी गोल फिरायला लागली! घाटावर सोपानराव फेटा बांधून उभे, शेजारी त्यांची मुलगी इंद्रायणी.

"पाव्हणं, उतरा की!"

"उतरतो हो! पण ही थांबत नाही!"

म्हटलं, कार्यक्रम असाच उरकावा. होडी घाटाजवळ आली, की सासूबाई ओरडायच्या, "पोरी, नाव काय तुजं?" उत्तर ऐकायला पुढचा फेरा. तिसऱ्या फेऱ्याला "सैपाक येतो का?" चौथ्याला "पुरणपोळी?" पाचव्याला कोंडीराम गरगरून होडीच्या काठावर वाकला. सासूबाईंनी लगेच खुलासा केला, "निर्व्यसनी हाय बरं का पोरगं!"

तेवढ्यात दुसऱ्या पाहुण्यांची बैलगाडी घाटाकडं वळताना दिसली.

"दाजी, करा की कायतरी!" कोंडीराम रडकुंडीला आला.

मी इंजिनाला लाथ घातली. ते आणखीच खुशीत आलं!

शेवटी इंद्रायणीनं पदर खोचला. "अवो, इंजीन ऱ्हाऊ द्या बोंबलत! बांबूनं पट्टा पाडा!"

कोंडीरामनं बांबू हाणला. पट्टा निसटला. इंजीन एकटंच धडधडत राहिलं आणि होडी अलगद घाटाला टेकली.

"तुला गं कसं ठाऊक?" मी विचारलं.

"आमच्या विहिरीवर ह्येच इंजीन हाय. रोज मीच बगते." मग तिनं वडिलांच्या कानात काहीतरी सांगितलं.

सोपानरावांनी बैलगाडीला लांबूनच हात जोडले आणि आमच्याकडं वळले. "पोरीला पसंत हाय. म्हणती, सांगितलेलं लगेच ऐकत्यात."

कोंडीराम लाजला. सासूबाईंनी तिथंच ओटी भरली.

संध्याकाळी लग्नाची यादी झाली. सोपानरावांची एकच अट: वऱ्हाड जमिनीवरून यावं. खाली माझा अंगठा घेतला. मला सही येते हो, चांगली वळणदार येते! तसं सांगितलंही. पण सोपानराव म्हणाले, "नगं पाव्हणं, अंगठाच बरा. त्यात तुमाला बिघडवण्यासारखं काय नसतं."