दुसरी बॅटरी निर्विघ्न चार्ज जाहली, त्याची हकीगत

अखंडितवीजपुरवठा राजमान्य वाचकमंडळींचे सेवेसी बखरनवीसाची अर्जी ऐसी जे. शनिवारी दुपारी दिवाणखान्यात जी मोहीम जाहली, तिजविषयी इमारतीत नाना वदंता उठल्या, कोणी म्हणाले स्फोट झाला, कोणी म्हणाले सासरेबुवांना शॉक बसला, आणि हे सांगणारे सारे त्या वेळी घोरत होते. सबब जे घडले ते तिखटमीठ न लाविता येथे दाखल करितो.

ऐसियास, त्या घराण्याच्या सूनबाई चष्म्याच्या दुकानी लोकांची नजर तपासण्याची चाकरी करीत, आणि चाकरीहून परतल्यावर फोमचे तक्ते कापून, सबंध हिवाळा खर्ची घालून, त्यांनी दोन हात रुंदीचे विमान सिद्ध केले, मग त्यास मोटर बसविली, आणि मोटरीच्या खोराकीस दोन बॅटऱ्या आणविल्या. ज्या मैदानी उड्डाण करावयाचे, तेथे सोमवारी बांधकामाचे पत्रे ठोकले जाणार, म्हणजे हाती एकच रविवार उरला. घराण्याचे मुख्य सासरेबुवा त्या विमानास ‘ते खेळणं’ म्हणत, आणि याहून अधिक त्याची दखल घेत नसत.

सासरेबुवांचा शिरस्ता ऐसा की घरात फिरता फिरता जे बटण चालू दिसेल ते बंद करावे, मग खाली कोणी पंख्याचा वारा घेत असो वा इस्त्री करीत असो. सूनबाईंनी पहिली बॅटरी चार्जिंगला लाविली, ती त्यांनी येता बंद केली आणि जाता बंद केली. तेव्हा सूनबाई चाकरीवर गेल्या असता चिरंजीवांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, एकट्यानेच खलबत केले, आणि बॅटरी आतल्या खोलीत पडद्याआड गादीवर नेऊन ठेविली, आणि बुडालेला वेळ भरून निघावा म्हणून चार्जरवरील अँपिअरचा आकडा दुपटीहून वर चढविला, मग दार लोटून टीव्हीपुढे सामना पाहावयास बसले. चिरंजीव मनाने चांगले, परंतु त्यांचा चांगुलपणा एका जागी बसत नाही, हेही नमूद करितो.

सूनबाई परतल्या तो घरभर उग्र वास, आणि बॅटरी उशीसारखी फुगलेली. त्यांची पाचावर धारण बसली, तरी त्यांनी आधी बटण बंद केले, मग चार्जर सोडविला, आणि बॅटरी वाळूच्या बादलीत घालून गच्चीच्या उघड्या कोपऱ्यात पोहोचती केली. गादीवर तपकिरी डाग राहिला. सासरेबुवांची स्वारी तेथे दाखल होऊन त्यांनी डाग न्याहाळला, आणि फर्मान सुटले ते शब्दशः देतो.

“दुसरी फुगली तर ते खेळणं भंगारात जाईल. आग लावायला घर घेतलं नाही मी.”

चिरंजीवांनी खाली पाहिले. सूनबाईंना रडू येत होते, परंतु त्या रडल्या नाहीत. मग शनिवारी दुपारी त्यांनी दिवाणखान्याच्या मध्यभागी, पडदे व कागदपत्रे दूर सारून, घरकामातून उरलेली एक सुटी फरशी मांडिली, तीवर आग न धरणाऱ्या पिशवीत दुसरी बॅटरी ठेविली, शेजारी वाळूची बादली उभी केली, आणि थेट सासरेबुवांच्या खुर्चीपुढे जाऊन अर्ज गुजारला की पंखांची शेवटची चिकटवणी आतल्या खोलीत बाकी आहे, आणि चार्जिंगवरची बॅटरी एकटी सोडता येत नाही, तरी पहाऱ्यास आपण बसावे. चिरंजीवांच्या तोंडचे पाणी पळाले.

“जरा गरम लागली की बटण बंद करणार मी,” सासरेबुवा बोलले. “विचारणार नाही कोणाला.”

“त्याचसाठी तुम्हाला बसवतेय, बाबा.”

आजवर त्या बटणांपायी सासरेबुवांनी घरादाराची बोलणी खाल्ली होती, आणि आज तेच काम त्यांजकडे कोणी मागितले. ते खुर्ची ओढून फरशीनजीक बसले, आणि पहारा करावयाचा तर शत्रूची माहिती हवी म्हणून विचारपूस आरंभिली. सूनबाईंनी उलगडा केला तो ऐसा.

“गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. तो जोर म्हणजे व्होल्ट. नळातून पाणी किती वेगानं येतंय, ते अँपिअर. आणि टाकीत मावतं किती, ते या बॅटरीवर लिहिलंय, बावीसशे मिलिअँपिअर-आवर. टाकी तासाभराच्या आत भरायची नाही, म्हणून नळ सव्वादोनच्या आतच ठेवायचा, दोन पूर्णांक दोन अँपिअर.”

“आणि टाकी भरून वाहायला लागली तर?”

“ही वाहत नाही बाबा. पेटते.”

सासरेबुवांनी खुर्ची किंचित मागे घेतली, मग विचार करून पुन्हा पुढे घेतली.

चार्जिंग सुरू जाहले. बॅटरीच्या पोटी तीन सेल, आणि लहान पांढऱ्या जोडणीतून तिघांचे व्होल्ट चार्जरवर निरनिराळे दिसत, कोणासही चार पूर्णांक दोनच्या पलीकडे पाऊल टाकण्याची परवानगी नाही. सासरेबुवा चष्मा पुसून आकडे पाहत राहिले, आणि मधून मधून हाताची उलटी बाजू पिशवीजवळ नेऊन ऊब अजमावीत राहिले. मधला सेल मागे पडला, त्याची त्यांना चिंता लागली. इतक्यात चिरंजीव येऊन, फार वेळ लागतो आहे, आकडा थोडा वाढवावा काय, ऐसे सुचविते जाहले, तेव्हा हुकूम सुटला की मधला मागे आहे, त्याला सावकाश येऊ द्यावे, आणि तुम्ही सामना पाहावा.

अखेरच्या टप्प्यावर समोरच्या दारचे दंतवैद्य वर्तमानपत्र मागावयास आले, तो सासरेबुवा न उठता बसल्या जागेवरून म्हणाले, “टेबलावर आहे, घ्या. मला हलता येत नाही.”

“एवढी कसली राखण चालली आहे?”

“आमच्या सूनबाईनं विमान बनवलंय,” सासरेबुवा बोलले. “उद्या उडवणार आहे ती.”

आतल्या खोलीत सूनबाई पंख दाबून धरून उभ्या होत्या. दोन्ही हात गुंतलेले, सबब डोळे पुसता आले नाहीत.

मग चार्जर वाजला. तिन्ही सेल चार पूर्णांक दोनवर बरोबरीने उभे राहिले, बॅटरी थंड, फुगवटा नाही, वास नाही. येणेप्रमाणे सूनबाईंची फत्ते जाहली, वाळूस हात लावावा लागला नाही, आणि दुसरे दिवशीच्या स्वारीत गाडीची पुढली जागा कोणाची, यावरून सासरेबुवा व चिरंजीव यांजमध्ये तंटा होऊन ती सासरेबुवांस बहाल करण्यात आली, हे लिहून मोर्तब केले असे.