सुभानरावांचे नाव लग्नपत्री न घातल्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून लिहिले जे, या दौलतीत लढाया बहुत जाहल्या, त्यांची वर्णने पुष्कळांनी केली. परंतु एका लग्नपत्रापायी दोन भावांचे काय जाहले, हे कोणी लिहून ठेविले नाही. ते जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालता, येथे लिहिले आहे. वाचणाराने सवडीने वाचावे.

शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, माघ मासी, मुलखाचे धनी राजश्री रायाजीराव यांचे एकुलते चिरंजीव जानराव यांचे लग्न ठरले. रायाजीराव वयाने पन्नाशीचे, शरीरे सडपातळ, बोलणे थोडे. राग आला तरी आवाज चढत नसे, इतकेच की हातातील वस्तू खाली ठेवीत. मुलीकडील घराणे नदीपलीकडचे, तोलामोलाचे. मुहूर्त वैशाख शुद्ध पंचमीचा धरिला, आणि मांडव किती खणांचा, वाजंत्री कोठील, पंगती किती, याचा बंदोबस्त दोन दिवसांत जाहला, आणि लग्नपत्राचा मजकूर मात्र अकरा दिवस बसून ठरेना. चिटणीस त्रिंबकपंत, या दौलतीत तीस वर्षे कलम चालविलेले, यांनी मसुदा केला. त्यावर दिवाण नारोपंत बोलिले जे, "राजांचे किताब चार ओळी तरी पाहिजेत." त्रिंबकपंत बोलिले, "चार ओळी घालू, परंतु मग वाचणारास तिथी सापडावयाची नाही." मग किताब दोन ओळींवर आणिले. मग आरंभी कुलस्वामिनी आधी की गावदेव आधी, याचा वाद दोन दिवस चालला आणि दोहोंस एका ओळीत बसविले. मग 'सहकुटुंब यावे' लिहिले तर सहपरिवार समजून कोणी शंभर घोडी घेऊन येईल की काय, हाही विचार जाहला. ऐसे करीत मसुदा शेवटास आला, आणि शेवटी त्रिंबकपंतांनी वाचिले जे, "आम्ही उभयता बंधू, रायाजीराव व सुभानराव, आपणांस अगत्यपूर्वक विनंती करितो." हे वाचताच राजांनी हातातील पानाचा डबा खाली ठेविला.

सुभानराव हे राजांचे पाठचे भाऊ. बारा वर्षांमागे उत्तरेचा डोंगरी किल्ला त्यांचे हवाली होता, आणि जानराव आईवेगळे, नऊ वर्षांचे, काकांपाशी गडावर राहात होते. शत्रूने वेढा घातला तो पाच महिने उठला नाही. दाणा सरला, टाक्यांत गाळ तेवढा राहिला, लहान मुले रोज एक दोन मरू लागली, तेव्हा सुभानरावांनी आत असलेली चारशे माणसे जिवंत बाहेर जाऊ द्यावी ऐसा करार करून किल्ला खाली करून दिला. राजांनी भरल्या दरबारात त्यांस उभे करून सांगितले की, "ज्याने किल्ला दिला तो आमचा कोणी नव्हे." सुभानरावांनी मुजरा केला आणि एक शब्द न बोलता आठ कोसांवर आपले गावी जाऊन राहिले, शेतीभाती पाहू लागले. तेव्हापासून राजवाड्यात त्यांचे नाव निघत नसे.

नारोपंत दिवाण बोलिले जे, "महाराज, हे नाव पत्रात नको. व्याही मंडळी वाचतील आणि किल्ल्याची गोष्ट निघेल. किल्ला का गेला म्हणून विचारतील, मग उत्तर द्यावे लागेल." दिवाणजींचे बोलणे सरळ होते, पोटात काही नव्हते, परंतु राजांस ते नेमके दुखरे जागी लागले. कारण ऐसे की, वेढा पडला तेव्हा राजांनी स्वहस्ते भावास लिहिले होते, 'पौर्णिमेचे आत फौज घेऊन येतो, तोवर किल्ला धरावा.' आणि आपण दक्षिणेकडील एक ठाणे हाती येईलसे दिसले म्हणून तेथेच गुंतून राहिले. ठाणे आले, पौर्णिमा गेली. सुभानराव पौर्णिमेनंतर आणखी अकरा दिवस वाट पाहात होते. ही गोष्ट दोघांसच ठाऊक, आणि सुभानरावांनी ती दरबारात काढिली नाही, मागेही कोणाजवळ काढिली नाही. राजे मनात समजत की भावाने आपली लाज राखिली, आणि समजत म्हणूनच त्याचे तोंड पाहवत नसे.

ही वार्ता जानरावांचे कानी गेली. ते वडिलांकडे येऊन मुजरा करून उभे राहिले आणि बोलिले, "आबासाहेब, काकांचे नाव गाळिले म्हणतात." राजे बोलिले, "दौलतीच्या गोष्टी निराळ्या असतात." जानराव बोलिले, "पत्र तर घरचे आहे. गडावर शेवटचे पंधरा दिवस काका आपल्या वाट्याची भाकरी मला देत आणि पोट दुखते म्हणून सांगत. मला ते तेव्हा खरे वाटले. मी आज मुंडावळ्या बांधावयास जिवंत आहे तो कोणामुळे, इतके आपण लिहू नका. नाव तेवढे लिहा." राजे "पाहू" म्हणाले, आणि जानराव गेले.

मग राजांनी त्रिंबकपंतांस एकटे बोलावून विचारिले, "पंत, तुमचे काय मत?" पंत बोलिले, "महाराज, नाव गाळिले तर कागदावर जागा मोकळी राहात नाही. ओळ जुळून जाते, वाचणारास कळतही नाही. ज्याचे नाव आहे त्यास मात्र कळते." नाव लिहा, हे शब्द राजांच्या ओठांशी आले होते. इतक्यात दिवाणजी आत आले आणि बोलिले की, तोड सापडली, 'आम्ही समस्त बंधुवर्गासहित विनंती करितो' ऐसे लिहावे, म्हणजे सर्वही आले आणि कोणीही आले नाही. राजांनी मान हलविली. मग आमंत्रितांची यादी वाचिली, तीत शेवटी राजे आपण होऊन बोलिले, "सुभानरावांसही पत्र जावे." पंतांचा चेहरा उजळला आणि त्यांनी पुशिले, "मायना काय लिहू? चिरंजीव लिहून आशीर्वाद लिहू ना?" वडील भावाने धाकट्यास ऐसेच लिहावयाचे. राजांनी दिवाणजींकडे पाहिले, दिवाणजी यादीकडे पाहात होते, आणि राजे बोलिले, "सर्वांस लिहिला तोच मायना लिहा."

कारकुनांनी तीन दिवसांत सर्व पत्रे लिहून काढिली, कोपऱ्यांस कुंकू लाविले, आणि सुभानरावांचे पत्र त्रिंबकपंतांनी स्वतः लिहून स्वतः नेले. परत आले तेव्हा राजांनी पुशिले, "काय म्हणाला?" पंत बोलिले, "खळ्यावर होते. हात धुवून पत्र घेतले, कपाळी लाविले, दोनदा वाचिले. मग म्हणाले, अक्षर चांगले आले आहे पंत. जानराव किती उंच जाहला म्हणून विचारिले. मी हात करून दाखविला, तेव्हा हसले. मला जेऊ घातले आणि हे उत्तर दिले." उत्तरात इतकेच होते जे, 'पत्र पावले. परक्यांनी निमंत्रणाने यावे आणि घरच्यांनी आधी येऊन राबावे, ऐशी रीत आहे. आम्ही दोहोंपैकी कोण, ते पत्रावरून समजेना, म्हणोन येणे होत नाही. चिरंजीवांस आशीर्वाद सांगावे.' राजांनी ते वाचिले आणि घोडे काढा म्हणावयास तोंड उघडिले. आठ कोस म्हणजे दुपारपर्यंत पोहोचणे. परंतु व्याह्यांची माणसे बोलणी करावयास आली होती, दुसरे दिवशी वस्त्रे पाहावयाची होती, म्हणून लग्न उरकून सावकाश जाऊ ऐसे मनाशी ठरविले. मागे ठाण्यापाशीही त्यांनी ऐसेच ठरविले होते.

नूतन साल लागले आणि वैशाख शुद्ध पंचमीस लग्न थाटाने जाहले. पंगत उठल्यावर मुलीचे आजे, ऐंशीचे वृद्ध, काठी टेकीत राजांजवळ आले आणि बोलिले, "आपले बंधू कोठे दिसत नाहीत." राजे चपापून बोलिले, "प्रकृती बरी नाही." वृद्ध बोलिले, "अरेरे. वेढ्यात आमचे गावची तीस माणसे गडावर अडकली होती, माझी लेकही त्यांत होती. सुभानरावांनी तिला आपल्या घोड्यावर बसवून खाली धाडिले आणि आपण पायी उतरले. खरे सांगावे तर त्या घराशी सोयरीक करावी, हे मी त्याच दिवशी मनात धरिले. आज त्यांचे पाय धरीन म्हणून या वयात नदी उतरून आलो. पत्रात नाव दिसले नाही तेव्हाच शंका आली होती, की ते आहेत ना." राजे बोलिले, "आहेत." वृद्धांनी राजांचे हात आपल्या हातांत घेतले आणि सांगितले, "माझा नमस्कार कळवा." शेजारी नवरदेव जानराव उभे होते, त्यांनी सर्व ऐकिले आणि वडिलांकडे न पाहता पुढे निघून गेले.

मग ज्येष्ठ मासी, लग्नाचे पाहुणे पांगल्यावर, राजे दोन स्वार बरोबर घेऊन भावाचे गावी गेले. सुभानराव वेशीपर्यंत सामोरे आले. केस सर्व पांढरे जाहले होते. त्यांनी मुजरा केला, घरी नेऊन गालिचा घातला, लोड दिला, गुलाबपाणी, अत्तर, विडा, कोठे काही उणे पडू दिले नाही, आणि आपण समोर उभे राहिले. राजे बोलिले, "बैस ना." सुभानराव बोलिले, "महाराज बसले आहेत, मी बरा आहे." पूर्वी ते राजांस दादा म्हणत. राजांनी व्याह्यांकडील वृद्धांचा नमस्कार सांगितला, सुभानराव संतोष पावले, गडावरून घोड्यावर धाडिलेल्या त्यांच्या लेकीची खुशाली पुशिली. मग राजांनी मान खाली घालून सांगितले, "त्या पौर्णिमेस मी आलो नाही. येता आले असते. ठाण्याच्या लोभाने राहिलो, आणि दोष तुझे माथी लाविला." सुभानराव बोलिले, "ठाऊक आहे." राजे बोलिले, "मग बोलला का नाहीस?" सुभानराव बोलिले, "आपण बोलाल म्हणून थांबलो होतो. बारा वर्षे रोज वाटे, आज कोणी येईल. लग्नपत्र आले तेव्हा आशेने कपाळी लाविले. मायना वाचिला आणि मग थांबणे सोडून दिले. राग नाही, महाराज. आता सवय जाहली आहे." राजांनी उठून त्यांस कवटाळिले, सुभानराव अदबीने उभे राहिले, हात मात्र त्यांचे खालीच होते. निघतेवेळी पाहुण्यास पोहोचवावे तैसे ते वेशीपर्यंत आले, आणि राजांचे घोडे वळणाआड होईतो तेथे उभे होते.

एणेप्रमाणे जाहले. त्यानंतर दोघे बंधू नऊ वर्षे होते. भेटी होत, सणावारी मानपान पोहोचे, आणि पुढील सर्व पत्री सुभानरावांचे नाव राजांचे नावाखाली ठळक अक्षराने असे. लोक म्हणत, भावांचे गोड जाहले. परंतु दादा ही हाक राजांचे कानी पुनः पडली नाही, आणि ती मागावी कैसी, हे त्यांस मरेतो समजले नाही. हकीकत इतकीच.